सह्यांचा सोमवार

आमच्या कारखान्यात महिन्याचा पहिला सोमवार सह्यांचा असायचा. त्या दिवशी वहिनी कामावर आल्या की आधी हात धुवायच्या. साधेसुधे नाहीत, कोपरापर्यंत साबण लावून, नखांतून ब्रश फिरवून, आता कुणाचं तरी पोट फाडायचंय अशा तयारीने. मग माझ्या टेबलाशी बसून चष्मा लावायच्या आणि मी पुढे सरकवलेल्या चाळीस कागदांवर चाळीस सह्या ठोकायच्या. तारखा मी आधीच घालून ठेवलेल्या असायच्या, सुट्ट्या वगळून थेट महिनाअखेरपर्यंत. शेवटची सही झाली की म्हणायच्या, "संपली बाई एकदाची ही स्वच्छता," आणि पुन्हा ग्रीसमध्ये हात घालायला निघून जायच्या.

आम्ही हूक बनवतो. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, मनोऱ्यांना रंग देणारे लोक कमरेला पट्टा बांधतात, त्या पट्ट्याला दोराशी जोडणारा हूक. तो सुटला तर माणूस खाली येतो, आणि येताना जिना वापरत नाही. म्हणून प्रत्येक नग तपासायचा. वजन टांगून एक मिनिट धरायचा, हातोडीने टकटक करून आवाज ऐकायचा, तोंडाचा खटका दहा वेळा उघडून आपोआप मिटतो की नाही ते बघायचं. शंभर नग झाले की एक पेटी, आणि पेटीत एक कागद: 'हे शंभर नग मी स्वतः या तारखेला तपासले.' खाली सही. जवळजवळ सगळा माल परदेशातल्या एकाच कंपनीला जातो.

तपासायच्या फक्त वहिनी. त्या थोरल्या मालकांच्या बायको. थोरले मालक गेल्यावर महिन्याभरात त्या तपासणीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. कारखाना त्यांचे दीर चालवतात, धाकटे मालक. म्हणजे फोन उचलतात आणि कपाळ पुसतात. वहिनींना सगळा कारखाना वहिनीच म्हणतो. मी हिशेब आणि कागद बघतो, म्हणून मला वहीवाले म्हणतात. कुणी नाव विचारलं तर मला दोन क्षण आठवावं लागतं.

आगाऊ सह्यांची युक्ती माझी. सहा वर्षांपूर्वी वहिनी पेटी भरली की तिथेच सही करायच्या, आणि कागदावर त्यांचा काळा अंगठा उमटायचा. कंपनीने दोन कागद परत पाठवले. शेरा होता: 'कागद अस्वच्छ आहे.' आतल्या दोनशे हुकांबद्दल अवाक्षर नाही. धाकटे मालक हवालदिल झाले, वहिनी चिडल्या, आणि मी सह्यांचा सोमवार शोधून काढला. त्या दिवशी मला शाबासकी मिळाली होती. ती मी अजून कुणाला परत केलेली नाही.

तेव्हापासून कागद पांढरेशुभ्र. पेटी भरली की गठ्ठ्यातला वरचा कागद आत. नग तपासलेला असायचाच, मग कागदावर काय तारीख आहे ते कोण बघतं? आम्ही तरी बघत नव्हतो. आमच्या लेखी खरं ते हुकात होतं. कागद म्हणजे पेटीला बांधलेली फीत.

कंपनीचा तपासनीस आला तो मंगळवार होता, नऊ तारीख. उंच, सडपातळ, पाठ सरळ, खिशात पोलादी फूटपट्टी. अर्ध्या तासात कारखान्याने त्याचं नावच फूटपट्टी ठेवलं. सोबत एक दुभाषी मुलगी होती, चुणचुणीत, आणि एक खोड असलेली: ऐकलेलं सगळं जसंच्या तसं पलीकडे पोचवायची. पहिल्याच फेरीत कुणीतरी म्हणालं, "हा काय आपली उंची मोजायला आलाय का?" तर तिने तेही सांगून टाकलं. फूटपट्टी गंभीरपणे नाही म्हणाला.

चहा आला. त्याने हात जोडल्यासारखे करून परत पाठवला.

"तपासणीच्या जागी काही घ्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे," मुलगी म्हणाली. "लाच ठरते."

"चहा?" धाकट्या मालकांनी कपाळ पुसलं. "अहो, त्यात साखरसुद्धा कमी आहे."

दोन तास तो वहिनींच्या टेबलाशी नुसता उभा होता. टांगलं, धरलं, टकटक, खटका दहा वेळा. वहिनींनी एकदाही वर बघितलं नाही. दोन नग त्यांनी बाजूच्या लाल डब्यात टाकले, तेव्हा त्याने ते उचलून कानाशी धरून वाजवले. त्याला काही फरक कळला नसावा, पण चेहऱ्यावर आदर आला. मग तो माझ्या टेबलाशी आला आणि कागदांची फाइल मागितली. मी बिनदिक्कत दिली. उलट कागद किती स्वच्छ आहेत ते दिसावं म्हणून उघडूनच दिली.

त्याने फूटपट्टी काढून एका कागदावरच्या तारखेखाली ठेवली.

"आज किती तारीख, असं विचारताहेत," मुलगी म्हणाली.

"नऊ."

"आणि या कागदावर?"

मी बघितलं. "बारा."

"सही झालेली आहे."

"झालेली आहे."

"मग हे शंभर नग कुठे आहेत?"

मी वहिनींकडे बघितलं. त्या हात पुसत आल्या, कागद लांब धरून वाचला आणि म्हणाल्या, "अजून सळईच्या पोटात आहेत."

मुलीने ते भाषांतर केलं. फूटपट्टी खाली बसला. आल्यापासून पहिल्यांदाच बसला.

पुढचा अर्धा तास धाकट्या मालकांच्या खोलीत गेला. फूटपट्टीने पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. 'त्रुटीचं कारण' असं लिहून खाली चार चौकोन होते, आणि त्याने मुलीकडून चारही वाचून घेतले. पहिला, नजरचूक. दुसरा, लेखनिकाची चूक. तिसरा, प्रशिक्षणाचा अभाव. चौथा, जाणूनबुजून. मग स्वतःच पेन्सिलीचं टोक दुसऱ्या चौकोनावर टेकवून थांबला.

"ते म्हणतात, इथे खूण केली की प्रकरण आजच मिटेल. कागद नवे करायचे, बस्स. चौथ्यावर खूण झाली तर सही करणाऱ्याचं नाव मान्यताप्राप्त तपासनिसांच्या यादीतून कायमचं कमी होतं, आणि त्या माणसाने तपासलेला माल कंपनी पुन्हा घेत नाही." मुलीने जरा थांबून पुढे म्हटलं, "ते म्हणतात, काकूंना त्यांनी काम करताना बघितलंय. असा तपासनीस त्यांना घालवायचा नाहीये."

"लेखनिक म्हणजे कोण?" वहिनींनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"उत्तम!" धाकटे मालक उठूनच उभे राहिले. "वहीवाल्यांची चूक. वहीवाले, तुमची काही हरकत?"

मी लगेच मान हलवली. मालकांसमोर माझी मान सवयीने हलते. आणि खरं सांगायचं तर त्या चौकोनात मी एकटाच आत गेलो असतो, बाकी सगळे बाहेर सुखरूप राहिले असते. स्वस्तातला सौदा होता.

वहिनी मात्र बसल्या होत्या तशाच बसल्या. "पोरी, त्याला विचार, चूक कशाला म्हणतात?"

मुलीने विचारलं. उत्तर आलं: नकळत होते ती.

"मग माझ्याकडून नकळत काहीच झालेलं नाही. मी चष्मा लावून सह्या केल्यात. सहा वर्षं, दर महिन्याला, हात धुऊन."

"वहिनी," धाकटे मालक कळवळून म्हणाले, "अहो, तो माणूस स्वतः वाट काढून देतोय."

"तेच तर बघतेय मी. भाऊजी, तुम्ही बसा जरा. पोरी, सांग त्याला. आमचा चहा घेतला असता तर ती लाच. कमी साखरेचा. आणि मला वाचवायला खोट्या चौकोनावर खूण करायची, ती काय? त्याच्या गावी तिला काय म्हणतात?"

मुलीने तेही सांगितलं, खोडच ती. फूटपट्टीचे कान लाल झाले. तो तिच्याशी बराच वेळ बोलत राहिला, मग मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, दुसरा चौकोन खोटा नाही. त्यांच्याकडे त्याचा अर्थ 'कुणाचंही वाईट मनात नव्हतं' असा घेतात. सगळेच घेतात."

"म्हणजे आमच्या तारखेसारखंच," वहिनी म्हणाल्या. "आम्हीही सगळेच घेत होतो."

मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. आमचा माल खरा आणि कागद खोटा. त्याचे नियम खरे आणि चौकोन खोटा. बाकी शून्य येत होती, पण ती बघून कुणालाही आनंद झाला असता असं वाटत नव्हतं.

वहिनींनी मग स्वतःच सौदा मांडला. गोदामात सहा पेट्या भरून पडल्या होत्या, सहाशे नग. ते सगळे त्या पुन्हा तपासणार, याच्या डोळ्यांसमोर. प्रत्येक पेटीला खऱ्या दिवसाची सही, पेटी भरल्यावर तिथेच, मग कागदावर अंगठा उमटो नाहीतर अख्खा पंजा. आणि सहा वर्षांपूर्वी 'अस्वच्छ' म्हणून कागद कुणी परत पाठवले तेही याने फॉर्मवर लिहायचं.

"त्याला रकाना नाही म्हणतात."

"मागची बाजू कोरी आहे ना? मग मागे लिही म्हणावं. आणि चौकोनावरची खूण मी शुक्रवारी करीन, काम संपल्यावर. तोवर ती पेन्सिल खिशात ठेव म्हणावं."

फूटपट्टीचं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. त्याने ते पुढे ढकललं. मुलगी म्हणाली, नियमात असं करायची सोय नाही. पण नाही म्हणायचीही नाही.

तीन दिवस तो स्टूल घेऊन टेबलाशी बसला. डबा स्वतःचा, पाणी स्वतःचं. बुधवारी दुपारपर्यंत त्याला टकटकीतला फरक ऐकू यायला लागला, आणि एका चांगल्या नगाला त्याने चुकून वाईट ठरवलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या. "कान तयार होतोय हं. अजून एकोणीस वर्षं बस म्हणावं."

गुरुवारी दुपारी तो बाहेर झाडाखाली डबा खायला गेला होता. चौथी पेटी चालू होती. वहिनींनी एक नग घेतला, टांगला, वाजवला, ठीक. खटका उघडू लागल्या. पाच वेळा मिटला. सहाव्यांदा मिटायला वेळ लागला. सातव्यांदा अर्धाच मिटून थांबला, जांभई देता देता झोप लागल्यासारखा.

वहिनींनी तो डोळ्यांजवळ नेला. "स्प्रिंग बसली," त्या हळूच म्हणाल्या. "तपासला तेव्हा चालला असेल. पेटीत पडून बसली."

धाकटे मालक माझ्या मागेच उभे होते. त्यांनी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "वहिनी. सहाशेत एक. लाल डब्यात टाका आणि पुढचा घ्या. काही बिघडत नाही." मग त्यांना मुलगी दिसली. ती खुर्चीत बसून सफरचंद खात होती. "तुम्ही हे भाषांतर करणार?"

"मी जेवणाच्या सुट्टीत आहे," मुलगी म्हणाली आणि मोठा चावा घेतला.

वहिनींनी तो नग हातातच ठेवला. त्यांनी जोडणी करणाऱ्या कारागिराला हाक मारली. हुकाला स्प्रिंग तोच बसवतो, आणि त्याने बसवलेला नग त्याच दिवशी तपासणीला येतो. "ही कुठल्या पुड्यातली?"

त्याने डोकं खाजवलं. "नवं खोकं गेल्या महिन्याच्या बावीसला फोडलं, वहिनी. त्यातला रोज एक पुडा वापरतो. एखाद्या पुड्यात कच्चा माल आला असेल. हा नग कुठल्या दिवसाचा ते सांगा, पुडा लगेच सांगतो."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीतला कागद बघितला. तारीख होती तीन. ती मी घातली होती, कॅलेंडर बघून, एक तारखेलाच.

"खरा कुठला दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते या कागदावरून कळणार नाही," मी म्हणालो. मला हे वाक्य बोलायला किती त्रास झाला ते माझं मला माहीत.

त्या स्टुलावर टेकल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे होते. तारीख खरी असती तर एका दिवसाचा माल, दीडएकशे नग, परत मागवून विषय संपला असता. ती खोटी म्हणून बावीस तारखेपासूनचे सगळे संशयात. अठराशे. त्यातले सहाशे इथे गोदामात, आणि बाराशे गेलेले. कुणाच्या ना कुणाच्या कमरेला.

"मी म्हणत होते कागद म्हणजे नुसता कागद," वहिनी म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. मग उठल्या, दाराशी गेल्या आणि झाडाकडे बघून अशी हाक मारली की लेथवरची माणसंसुद्धा थांबली. फूटपट्टी घास तसाच तोंडात ठेवून धावत आला. त्यांनी तो हूक त्याच्या हातात ठेवला आणि सातदा उघडून दाखवला. भाषांतर लागलं नाही.

मग लागलं. "पोरी, सांग. बाराशे नग परत मागवायचेत. आज. जिथे जिथे गेले असतील तिथे कळवा, वापरू नका. नवे आम्ही देऊ."

"वहिनी!" धाकटे मालक भिंतीला टेकले. "अहो, तो फार तर शंभराचं म्हणेल. त्याला विचारा तरी!"

फूटपट्टीने खरंच विचारलं, मधला रस्ता म्हणून, एका पेटीपुरतं मागवायचं का. एखादा नग बिघडलेला निघाला तर त्यांचा नियम तेवढाच होता. म्हणजे नियमाप्रमाणे आम्ही सुटत होतो.

"एक पेटी मागवायची तर कुठली?" वहिनी म्हणाल्या. "त्याने बोट ठेवून दाखवावी. मी तीच मागवते."

त्याला दाखवता आली नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर, उभ्यानेच, त्याच्या लोकांना कळवलं.

शुक्रवारी दुपारी सहावी पेटी संपली. सहाशेमध्ये तसले आणखी दोन निघाले, वेगवेगळ्या पेट्यांत. वहिनींनी हात न धुता फॉर्म पुढे ओढला, फूटपट्टीकडे हात पसरून पेन्सिल मागितली आणि चौथ्या चौकोनावर खूण केली. जोरात केली, पेन्सिल कागदाच्या आरपार जाता जाता राहिली. मागच्या बाजूला फूटपट्टीने पाऊण पान लिहिलं होतं. त्यात डागांची हकीकत होती, आणि मुलीने वाचून दाखवलं त्याप्रमाणे शेवटी एक ओळ: 'मी स्वतः प्रथम चुकीचं कारण सुचवलं होतं.' ते त्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

"यामुळे याला त्रास होईल का?" वहिनींनी विचारलं.

"थोडा होईल म्हणतात."

"होऊ दे. त्याशिवाय सवय होत नाही."

आता प्रश्न होता तपासणार कोण. नवा तपासनीस नेमेपर्यंत एक पेटी हलणार नव्हती. फूटपट्टीने विचारलं, हे काम आणखी कुणाला येतं?

"भाऊजींना," वहिनी म्हणाल्या. "यांच्या भावाने लग्नाआधी दोन वर्षं याच टेबलावर उभं केलं होतं यांना. विसरलेत, पण येतं."

"मी? वहिनी, अहो माझी कंबर…"

"कंबर खटक्याला लागत नाही. बाह्या वर करा."

पाच आठवडे त्यांनी दिरांना शिकवलं, टेबलाला हात न लावता, पाठीमागे हात बांधून. तो नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. "ऐका. नुसतं वाजवू नका, ऐका. फोन आल्यासारखं तोंड करू नका." धाकट्या मालकांनी पहिल्या आठवड्यात सतरा चांगले नग लाल डब्यात टाकले आणि एक वाईट चांगल्यात. त्या एकासाठी वहिनींनी त्यांच्याकडून अख्खी पेटी पुन्हा करून घेतली. सहाव्या आठवड्यात कंपनीने त्यांना मान्यता दिली. स्वच्छ कागदाचा नियमही कंपनीने गाळला, तेही एका ओळीत, जणू तो कधी नव्हताच.

वहिनी माझ्या टेबलावर आल्या. अर्धं टेबल त्यांनी घेतलं. मला वाटलं होतं पाव घेतील. एकोणीस वर्षं उभं राहिलेल्या बाईला खुर्ची सोसत नाही, त्या सारख्या उठतात, आणि तपासणीच्या टेबलाकडून टकटक ऐकू आली की बोलणं मध्येच तोडून कान देतात. मी काही म्हणत नाही. एकदा म्हणालो, "वाईट वाटतं?" तर म्हणाल्या, "वाटतं की. म्हणून काय बाराशे नग आपले आपण चालत येणारेत?"

कारण ते काम त्यांनी घेतलंय. कंपनीने सगळीकडे पत्रं पाठवली, आणि पत्र पाठवलं की काम झालं असं त्यांच्याकडे धरतात. वहिनी तसं धरत नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकांची यादी मागून घेतली. कंपनी देईना, गुप्त असते म्हणे. मग फूटपट्टीने कुठूनशी परवानगी आणली. दुभाषी मुलगी रोज सकाळी तासभर फोनवर येते. यादीवर वहिनी एकेक नाव खोडतात. पहिल्या महिन्यात नऊशे नग परत आले. दुसऱ्यात अडीचशे. मग एकेक करून. तपासून बघितले तर खरोखरच वाईट निघाले अकरा. ते मी वेगळे मांडून ठेवलेत. धाकटे मालक तिकडे बघत नाहीत, पण तिथून जाताना पावलं हळू टाकतात.

आज सकाळी सात बाकी होते. त्यातला एक काचा पुसणाऱ्या एका माणसाकडे आहे. पत्ता लागला, फोनही लागला. मुलगी दोन्हीकडचं सांगत होती.

"तो म्हणतोय, हूक उत्तम चालतोय. कशाला देऊ?"

"नवा पाठवलाय म्हणावं, दाराशी येऊन पडला असेल."

"आलाय म्हणतो. पण जुन्याची सवय झालीये. आणि आत्ता त्याला वेळ नाही, तो कामावर आहे."

वहिनी खुर्चीतून उठल्या. "कामावर म्हणजे कुठे? विचार."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, मलाही ऐकू आला. मुलीचा आवाज जरा बदलला. "चौदाव्या मजल्यावर, काकू. बाहेरून."

"आतल्या माणसाला खिडकी उघडायला लाव. आधी आत ये म्हणावं त्याला, मग हूक काढ, मग मला शिव्या दे." वहिनींनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि माझ्या टेबलाची कड घट्ट धरली. "आणि सांग त्याला, तो आत आल्याशिवाय मी फोन ठेवत नाहीये. मला आज दुसरं काही काम नाही."